पाळणा लांबवताना रजेचा हिशेब

उरण हे समुद्राच्या आधाराने जगणारे गाव. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते, न्हावा-शेव्याला जगभरची जहाजे लागतात, आणि आपल्या मोहल्ल्यांतील कित्येक घरांचा कर्ता पुरुष एकतर जहाजावर असतो नाहीतर आखातात. अशा घरांत सगळी कामे रजेच्या तारखांवर ठरतात. घराची दुरुस्ती रजेत, बहिणीचा निकाह रजेत, मुलाचा अकीका रजेत. दुसरे मूल कधी व्हावे हेही बहुधा रजेवरच ठरते.

इथेच एक गोष्ट वारंवार घडताना आम्ही पाहतो. पहिले मूल लहान असते, म्हणून सून गोळी घेते किंवा सरकारी दवाखान्यात इंजेक्शन घेते. दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या मुलाचे ठरते. नवरा दोन महिने घरी येतो आणि परत जातो. सुनेला दिवस राहत नाहीत. मग घरात बोलणे सुरू होते: "त्या औषधाने कूस बंद केली." कोणी तिला झाडपाल्याचे औषध आणून देते, कोणी तावीज, कोणी टोमणे. ती स्वतःही मनातून खचते आणि धाकट्या जावेला सांगते, "तू काही घेऊ नकोस गं." जाऊ काहीच घेत नाही, आणि अंगावरचे मूल वर्षाचे होण्याआधीच तिला पुन्हा दिवस जातात.

या सगळ्यात खरे किती आणि समजुतीचे किती, हे आज पाहायचे आहे. विषय नाजूक आहे, पण दीनमध्ये इल्म मिळवण्यात शरम नाही. सहाबी स्त्रिया हैज आणि गुस्लचे प्रश्न थेट विचारत असत.

भीती आली कुठून?

गर्भनिरोधक गोळी १९६० साली अमेरिकेत मान्य झाली. त्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजन जातीच्या हार्मोनचे प्रमाण ०.१५ मिलिग्रॅम होते. आज आपल्याकडे सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या 'माला-एन'मध्ये ते ०.०३ मिलिग्रॅम आहे, म्हणजे पाचवा हिस्सा. मळमळ, सूज, पायात रक्ताच्या गुठळ्या अशा जुन्या तक्रारी खऱ्या होत्या. त्यामुळेच पुढे प्रमाण कमी करत आणले गेले. औषध बदलले, पण त्याची ख्याती तीच राहिली.

इंजेक्शनची गोष्ट आपल्या देशातली आहे. १९८०च्या दशकात आंध्र प्रदेशात 'नेट-एन' या इंजेक्शनच्या चाचण्या सुरू होत्या. ज्या गरीब बायांना ते टोचले जात होते, त्यांना हे काय आहे, त्याने काय होईल, हे नीट सांगितलेच नव्हते. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने इतरांसह १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. मुंबईच्या स्त्रीसंघटनाही या विरोधात उभ्या राहिल्या. पुढे १९९३ मध्ये 'डीएमपीए' या दुसऱ्या इंजेक्शनला खासगी विक्रीची परवानगी मिळाली. सरकारी योजनेत मात्र ते २०१७ मध्ये 'अंतरा' या नावाने आले. म्हणजे अंतराचे औषध आणि त्या काळी चाचणी झालेले औषध वेगळे आहे. पण त्या बायांनी विचारलेला प्रश्न आजही तितकाच खरा आहे: टोचण्याआधी आम्हाला सगळे सांगितले का?

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न त्याहून जुना आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा त्यांना नोकरी आणि समाज दोन्हीकडून त्रास झाला. शंभर वर्षे लोटली. साधने गावच्या उपकेंद्रापर्यंत पोहोचली, माहिती मात्र अजून उंबऱ्यातच अडखळते.

शरीरात नेमके काय होते?

दहावीच्या विज्ञानात प्रजननसंस्थेचा धडा आहे, पण पुष्कळ घरांत तो मुलीने एकटीने वाचायचा असतो. थोडक्यात असे: स्त्रीच्या अंडाशयात बीजे जन्मापासूनच असतात. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी दर महिन्याला हुकूम पाठवते आणि एक बीज पक्व होऊन बाहेर पडते. गोळीतील हार्मोन त्या ग्रंथीला गप्प बसवतात. हुकूम निघत नाही, बीज बाहेर पडत नाही, म्हणून गर्भ राहत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो.

गोळीने बीजे जळत नाहीत, गर्भाशय आकसत नाही आणि औषध शरीरात साचूनही राहत नाही. 'माला-एन'च्या पाकिटात २८ गोळ्या असतात: २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत पाळी येते, कारण तेवढ्या दिवसांत हार्मोन उतरलेले असते. एका आठवड्यात ज्याचा असर इतका उतरतो, ते औषध वर्षानुवर्षे अंगात कसे राहील?

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात गोळी, इंजेक्शन, तांबी वगैरे साधने सोडलेल्या सुमारे १५ हजार स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. साधन बंद केल्यावर वर्षभरात त्यांच्यापैकी ८३ टक्के स्त्रियांना दिवस राहिले. कोणतेही साधन न वापरणाऱ्या जोडप्यांतही प्रमाण साधारण एवढेच असते. गोळी किती वर्षे घेतली यानेही फारसा फरक पडत नाही.

मग काही जणींना वेळ का लागतो? बहुतेकदा कारण दुसरीकडे असते. पंचविसाव्या वर्षी गोळी सुरू करणारी बाई पस्तिसाव्या वर्षी ती सोडते, तेव्हा मधली दहा वर्षे वयाची असतात. पस्तिशीनंतर गर्भ राहण्याची शक्यता आपोआप उतरते. कोणाची पाळी गोळीआधीही अनियमित होती. गोळीच्या काळात ती महिन्याच्या महिन्याला येत राहिली, आणि गोळी सोडल्यावर जुनी तक्रार पुन्हा दिसू लागली. घरच्यांना वाटते, ही गोळीचीच देणगी.

इंजेक्शनचे गणित वेगळे आहे

रजेचा हिशेब चुकतो तो इथे. अंतराचे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते, म्हणून बायांना वाटते की शेवटच्या इंजेक्शननंतर तीन महिने झाले की गर्भ राहायला हवा. तसे होत नाही. औषध स्नायूत साठून हळूहळू रक्तात उतरते आणि सगळ्यांच्या शरीरातून सारख्या वेगाने जात नाही. शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला सरासरी दहा महिने लागतात. कोणाला त्याआधी राहतात, कोणाला वर्ष उलटते. क्षमता परत येते, पण सावकाश.

आता हे गणित उरणच्या घरात मांडून पाहू. नवरा मे आणि जून असे दोन महिने घरी असणार आहे. बायकोने शेवटचे इंजेक्शन जानेवारीत घेतले. एप्रिलमध्ये मुदत संपली, तिने पुढचे घेतले नाही. पण सरासरीने तिची दिवस राहण्याची वेळ येते नोव्हेंबरमध्ये, आणि तेव्हा नवरा समुद्रावर असतो. दोघांच्याही शरीरात काही दोष नाही, फक्त तारखा जुळल्या नाहीत. तरी बोल लागतो तो बाईलाच. मे महिन्यात मूल हवे असेल, तर शेवटचे इंजेक्शन आदल्या वर्षीच्या जुलैच्या आसपास किंवा त्याआधी झालेले असावे. ही एक गोष्ट आधी कळली असती तर किती घरांतली भांडणे टळली असती!

म्हणून पुढच्या एक-दीड वर्षात मूल हवे असणाऱ्यांनी अंतरा घेऊ नये. आरोग्यसेविकेला हे स्पष्ट सांगावे. ज्यांना दोन-तीन वर्षे थांबायचे आहे, रोज गोळी लक्षात राहत नाही, किंवा तब्येतीमुळे इस्ट्रोजन चालत नाही, त्यांना हे इंजेक्शन सोयीचे आहे. बाळंतपणानंतर सहा आठवडे झाले की अंगावर पाजणारी आईही ते घेऊ शकते.

या इंजेक्शनने पाळीची घडी मोडते. पहिल्या काही महिन्यांत थोडेथोडे रक्त केव्हाही जाते, पुढे पुष्कळ जणींची पाळी थांबते. 'रक्त आत साचले' ही समजूत चुकीची आहे. गर्भाशयाचे अस्तर पातळच राहते, त्यामुळे बाहेर पडायला काही नसते. मात्र मधेमधे जाणाऱ्या रक्तामुळे नमाज आणि रोज्याचा प्रश्न उभा राहतो. हे हैज की इस्तिहाजा? कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत आणि त्या फिकहमध्ये हैजची जास्तीत जास्त मुदत पंधरा दिवस आहे. हनफींमध्ये ती दहा दिवस आहे. आपल्या मसलकच्या जाणकार आलिमांना किंवा आलिमा बाजींना तारखा दाखवून विचारावे. त्यासाठी रक्त गेलेले दिवस वहीत मांडून ठेवण्याची सवय चांगली.

रजेवर येणाऱ्याच्या घरी काय सोयीचे?

वर्षातले आठ-नऊ महिने नवरा दूर असतो, तेव्हा रोज गोळी कशाला, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून पुष्कळ जणी नवरा आल्यावर गोळी सुरू करतात आणि गेल्यावर सोडतात. यात दोन अडचणी आहेत.

पहिली म्हणजे सुरुवातीची. पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या पाच दिवसांत गोळी सुरू केली तर ती लगेच लागू पडते. एरवी कधीही सुरू केली तर पहिले सात दिवस निरोधही वापरावा लागतो. विमान उतरले त्या दिवशी पाकीट फोडून उपयोग नाही. तो यायच्या आधीच्या पाळीत सुरुवात झालेली बरी.

दुसरी अडचण तब्येतीची आहे. रक्ताची गुठळी होण्याचा धोका गोळीच्या पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो, आणि महिनाभर किंवा जास्त थांबून पुन्हा सुरू केली की तो पुन्हा वाढतो. 'मधेमधे शरीराला आराम द्यावा' हा सल्ला आपल्याकडे सर्रास देतात. त्याने आराम तर मिळत नाहीच, उलट तो सुरुवातीचा काळ पुन्हापुन्हा येतो. दरवर्षी दोन महिन्यांसाठी गोळी घ्यायची असेल, तर त्यापेक्षा निरोध किंवा तांबी बरी. तांबीत हार्मोन नसते. ती काढली की पुढच्याच महिन्यापासून गर्भ राहू शकतो. तांबीने काही जणींना पाळीत रक्त जास्त जाते, हे मात्र आधी माहीत असावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. ज्यांचे हिमोग्लोबिन आधीच कमी आहे त्यांनी ते तपासूनच तांबी बसवावी.

'छाया' नावाची गोळीही सरकारी दवाखान्यात मिळते. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधली आणि १९९१ मध्ये 'सहेली' या नावाने बाजारात आली. तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, आणि पुढे आठवड्यातून एकदा ती घ्यायची. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पाळी थोडी लांबते. नुकतीच कावीळ झालेल्यांनी किंवा अंडाशयात गाठींचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

तातडीच्या गोळीबद्दलही बोलले पाहिजे, कारण रजेच्या दिवसांत तिचाच वापर जास्त होतो. ती संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, घ्यायची असते. ती बीज बाहेर पडणे लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही आणि वंध्यत्वही आणत नाही. पण एका रजेत चार-पाच वेळा ती घेतली तर पाळीचा गोंधळ होतो आणि नेहमीच्या साधनाइतका भरवसाही मिळत नाही. गर्भपाताच्या गोळ्या ही निराळीच गोष्ट आहे. कायद्याने त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात. दुकानातून परस्पर आणून घेतलेल्या या गोळ्यांनी अतिरक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकते. नळीत गर्भ असेल तर त्या गोळ्यांनी तो जात नाही आणि नळी फुटण्याचा धोका राहतो.

खरे धोके कोणते?

गोळीने वंध्यत्व येत नाही, याचा अर्थ ती सर्वांना चालते असा नाही. आपल्याकडे नसत्या गोष्टीची भीती मोठी आणि खऱ्या धोक्याची चौकशी कमी.

पहिला धोका रक्ताच्या गुठळीचा. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला १ ते ५ जणींना गुठळी होते. गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. गरोदरपणात हाच आकडा ५ ते २० होतो आणि बाळंतपणानंतरच्या बारा आठवड्यांत ४० ते ६५. म्हणजे गोळीने धोका वाढतो, पण नको असताना आलेल्या गरोदरपणाचा धोका त्याहून मोठा आहे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक छातीत दुखले, दम लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ज्यांचा रक्तदाब जास्त आहे, पूर्वी गुठळी किंवा पक्षाघात झाला आहे, डोळ्यांपुढे तिरमिरी येऊन अर्धशिशी उठते, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग आहे, किंवा वय ३५ पेक्षा जास्त असून धूम्रपान आहे, त्यांनी इस्ट्रोजनची गोळी घेऊ नये. आपल्याकडे बायका विडी ओढत नाहीत, पण मशेरी लावतात. ते डॉक्टरांना सांगायला लाजू नये. बाळ अंगावर पीत असेल तर पहिले सहा महिने ही गोळी टाळतात. आणखी एक गोष्ट: टीबीवरील रिफाम्पिसिन या औषधाने गोळीचा असर कमी होतो. टीबीचा कोर्स सुरू असेल तर दुसरे साधन विचारावे.

कर्करोगाबद्दल दोन्ही बाजू सांगायला हव्यात. डेन्मार्कमध्ये १८ लाख स्त्रियांच्या नोंदींवरून २०१७ साली दिसले की हार्मोनची साधने वापरणाऱ्या साधारण ७,७०० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचा एक जादा रुग्ण आढळतो. दुसरीकडे, गोळीने अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, आणि गोळी सोडल्यावरही ते संरक्षण वर्षानुवर्षे टिकते.

इंजेक्शनने हाडांची घनता थोडी उतरते, आणि बंद केल्यावर पुन्हा भरून येते. काहींचे वजन वाढते. २०२४ साली फ्रान्समधील संशोधनात असेही आढळले की हे इंजेक्शन वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांत मेंदूच्या आवरणाची एक प्रकारची गाठ होण्याचे प्रमाण वाढते. ही गाठ मुळात फार विरळ आहे, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण वर्षानुवर्षे इंजेक्शन घेणाऱ्यांनी दर खेपेला तब्येत दाखवावी आणि सतत डोके दुखत असेल किंवा दिसण्यात फरक पडला तर सांगावे.

मुलींच्या गोळ्या आणि हजच्या गोळ्या

शाळेत आम्हाला दिसणारी एक गोष्ट. नववी-दहावीच्या मुलीची पाळी तीन-तीन महिने येत नाही, चेहऱ्यावर लव वाढते, डॉक्टर पीसीओडी सांगून हार्मोनच्या गोळ्या लिहून देतात. पाकिटावर 'गर्भनिरोधक' वाचून आई हादरते. लग्न व्हायच्या मुलीला हे कशाला, पुढे मूल होणार नाही, लोक काय म्हणतील! गोळ्या कपाटात राहतात. इथे त्या गोळ्या उपचारासाठी असतात. पाळी फार दिवस न येता अस्तर जाड होत राहणे हेच पुढे त्रासाचे. डॉक्टरांना प्रश्न विचारावेत, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, चालणे आणि खाणे सुधारावे. पण गोळी गुपचूप बंद करून मुलीला तसेच ठेवू नये.

दुसरी गोळी हज-उमऱ्याची. तवाफ चुकू नये म्हणून पाळी लांबवणारी नॉरएथिस्टेरॉनची गोळी पुष्कळ बहिणी घेतात. रमजानमध्येही काही जणी घेतात. ती सहसा पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करतात आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. अशी घेतलेली गोळी गर्भनिरोधक म्हणून धरून चालू नये. तिनेही गुठळीचा धोका थोडा वाढतो आणि हजच्या वाटेवर तासन्‌तास विमानात बसायचे असते. म्हणून शेजारणीकडून न घेता रक्तदाब तपासून डॉक्टरांकडूनच घ्यावी. रमजानबद्दल इतकेच, की पाळीतली रोज्याची सूट अल्लाहनेच दिली आहे. ते रोजे नंतर पुरे करता येतात.

शरीअत काय सांगते?

घरात हा प्रश्न निघाला की 'हे हराम आहे' म्हणून विषय संपवला जातो. हजरत जाबिर (रजि.) यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. तिचा आशय असा, की प्रेषित (स.) यांच्या हयातीत, कुरआन अवतरत असताना, सहाबा अजल करत असत. याच आधारावर बहुसंख्य उलेमांनी तात्पुरत्या उपायाला वाव दिला. इमाम गझाली (रह.) यांनीही 'इह्या'मध्ये अजल जायज ठरवताना बाळंतपणात पत्नीच्या जिवाला असणारा धोका हे एक कारण मानले आहे. १९८८ साली कुवेतमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या बैठकीत ठराव झाला की गरज असेल तर, नुकसान होत नसेल तर आणि पती-पत्नीची परस्पर संमती असेल तर दोन मुलांत अंतर ठेवण्यासाठी मुदतीपुरता उपाय करता येतो. जननक्षमता कायमची संपवणे मात्र शरई जरुरीशिवाय जायज धरलेले नाही.

सूरह बकरामध्ये मातांसाठी दोन पूर्ण वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे. जागतिक आरोग्य संघटनाही बाळंतपणानंतर पुढच्या गर्भासाठी किमान २४ महिने थांबायला सांगते.

आपल्या देशात अंतर ठेवायचे म्हटले की ऑपरेशनच पुढे येते. वर सांगितलेल्या त्याच पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी नसबंदी केलेली होती, गोळी घेणाऱ्या ५.१ टक्के होत्या आणि इंजेक्शन घेणाऱ्या ०.६ टक्के. ज्या समाजाला कायमचा उपाय दीनच्या कारणाने नको आहे, त्याने तात्पुरत्या उपायांची माहिती इतरांपेक्षा जास्त ठेवायला हवी. बांगलादेशात आज सर्वांत जास्त वापरले जाणारे साधन गोळीच आहे, आणि ते आरोग्यसेविकांनी घरोघर जाऊन, सासवांना समजावून पोहोचवले.

दिवस राहत नसतील तर

साधन सोडले आणि दिवस राहिले नाहीत, तर किती थांबावे? नवरा-बायको एकत्र राहत असतील तर वर्षभर, बायकोचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने, मग डॉक्टरांना दाखवावे. हे वर्ष एकत्र राहिल्याचे मोजायचे. ज्या घरात नवरा वर्षाला दोन महिने येतो, तिथे सहा वर्षांच्या संसारात एकत्र राहिलेले महिने बाराच होतात, आणि त्यातही पाळीनुसार गर्भ राहण्याचे दिवस मोजकेच. अशा बाईला 'सहा वर्षे झाली, अजून काही नाही' म्हणणे सरळसरळ जुलूम आहे.

तपासणी दोघांची व्हावी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा दोघांचे मिळून, असते. पुरुषाची पहिली तपासणी वीर्याची, तीही साधी आणि स्वस्त. पण होते काय, की सून पनवेल आणि वाशीचे सगळे दवाखाने फिरून येते, सोनोग्राफीच्या फायली जमतात, आणि मुलाला 'तपासून घे' म्हणायची कोणाची हिंमत होत नाही. रजेच्या पहिल्याच आठवड्यात ही तपासणी उरकावी, म्हणजे रिपोर्टवर काही करायला दिवस उरतात.

आमची विनंती सासूबाईंना आहे. गोळी किंवा इंजेक्शन घेण्याआधी सुनेबरोबर तुम्ही उरणच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा गावच्या उपकेंद्रात जा. तिचा रक्तदाब मोजून घ्या. मूल पुन्हा केव्हा हवे आहे ते आरोग्यसेविकेला सांगा आणि हे साधन बंद केल्यावर किती दिवसांनी गर्भ राहू शकतो, ते तिच्याकडून विचारून घ्या. अंतरा घेत असेल तर तिला मिळालेले कार्ड जपून ठेवा आणि मुलाच्या पुढच्या रजेची तारीख त्यावर लिहून ठेवा. तो फोनवर बोलेल तेव्हा त्यालाही ती तारीख वाचून दाखवा. औलाद देणारा अल्लाह आहे. आपण फक्त आपला हिशेब नीट ठेवायचा आणि त्यातल्या चुकीचा बोल सुनेच्या माथी मारायचा नाही.